जलगर्भ कुंडी आणि आपला खारेपाट

कुंडीत भाजी लावणे हा शहरातील गच्चीवाल्यांचा छंद होय, शेतकऱ्याचा व्यवसाय नव्हे, असे आपल्याकडील बहुतेक बागायतदारांचे मत आहे. ज्याच्या दारात नारळी-पोफळीची वाडी आहे, वाडीपलीकडे भाताची खाचरे आहेत आणि भात निघाल्यावर ज्याच्या रानात वाल किंवा पांढरा कांदा उभा राहतो, त्याने कुंडीकडे पाहून हसावे यात नवल नाही. उलटपक्षी, मातीचे दिवस संपले, यापुढे पाण्यातच शेती होणार, असे सांगत तयार साहित्य विकावयास येणारे लोकही आता गावोगाव दिसू लागले आहेत. ही दोन्ही मते टोकाची आहेत. माती आणि पाणी यांचा मेळ घालणारी जी एक कुंडी अलीकडे प्रचारात येत आहे, तिला थळच्या किनाऱ्यावर जागा आहे. ती जागा लहान आहे, परंतु खरी आहे, असे आमचे मत आहे. मात्र ती चालवावयाची तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा खारेपाटात आयुष्य घालविलेल्या शेतकऱ्याचे ज्ञान अधिक कामी येईल. ते कसे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

कुंडीची रचना

या कुंडीचे दोन मजले असतात. वरच्या भागात नेहमीप्रमाणे माती-खताचे मिश्रण भरलेले असते. खालच्या भागात पाण्याचा साठा असतो. मधल्या पडद्याला भोके असून त्यांतून मातीने भरलेला एक लहानसा पाय किंवा सुती-नायलॉनी वात खाली पाण्यात सोडलेली असते. दिव्यातील वात जसे तेल वर ओढते तसे मातीचे सूक्ष्म कण पाणी वर ओढतात, आणि झाडाला हवे तेवढेच पाणी वर चढते. साठ्यात पाणी घालण्यास बाजूने एक नळी ठेवतात. पाण्याची पातळी पडद्यापर्यंत पोचू नये म्हणून त्याखाली दोन बोटांवर एक सांडभोक पाडतात. पडदा आणि पाणी यांच्यामधील ही मोकळी जागा रिकामी दिसली तरी व्यर्थ नसते. मुळांना तेथेच हवा मिळते.

झाड वाढू लागले की त्याची मुळे दोन प्रकारची होतात. मातीतील मुळे केसाळ व दाट राहतात. पडद्यातून खाली उतरलेली मुळे लांब, पांढरी आणि विरळ केसांची होऊन पाण्यात लोंबतात. वरची मुळे मातीतील जिवाणूंनी शिजविलेले अन्न घेतात, खालची मुळे पाणी आणि त्यात विरघळलेली खते घेतात. एका झाडाला असे दोन स्वयंपाकघरांतून जेवण मिळते. सोयीसाठी या कुंडीस आपण ‘जलगर्भ कुंडी’ म्हणू.

कल्पना नवी नव्हे

ही युक्ती कालपरवाची आहे असे समजण्याचे कारण नाही. झाडाच्या बुडाशी कच्च्या भाजणीचे मडके पुरून त्यात पाणी भरण्याची रीत आपल्या देशात अनेक ठिकाणी माहीत आहे, आणि चीनमध्ये फान शेंग-चिह याच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक ग्रंथात तिचे वर्णन आहे. आपल्या कोकणातही भाताच्या खाचरात उरलेल्या ओलीवर जो वाल पिकतो, तो दुसरे काय करतो? वरून पाण्याचा थेंब न मिळता तो खालची ओल पीत वाढतो. तत्त्व तेच आहे. फक्त खाचराच्या जागी कुंडी आली आहे.

पाण्यावरील शेतीचा आधुनिक प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉ. गेरिके यांनी 1929 च्या सुमारास लोकांपुढे मांडला, आणि 1937 साली त्यास ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गेरिके यांची टाकी नुसती पाण्याची नव्हती. पाण्यावर तारेची जाळी, जाळीवर पेंढा-भुशाचा थर, त्या थरात रोप, आणि थर व पाणी यांमध्ये हवेची जागा, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे पाण्यावरील शेतीचा आरंभच या मिश्र पद्धतीने झाला असे म्हणावयास हरकत नाही.

तो प्रयोग प्रसिद्ध होताच अमेरिकेत अतिशयोक्तीला ऊत आला. तेव्हा त्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नन या शास्त्रज्ञांनी 1938 साली एक पुस्तिका काढून लोकांना सावध केले. चांगल्या जमिनीस आणि खताच्या द्रावणास सारखीच निगा मिळाली तर दोहोंच्या उत्पन्नात फारसे अंतर पडत नाही, असा त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष होता. ज्यांच्याजवळ चांगली जमीन आणि गोडे पाणी आहे त्यांनी हा निष्कर्ष विसरू नये. उलट जेथे जमीनच नाही तेथे ही पद्धत उपयोगी पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1945 साली, अटलांटिक महासागरातील असेन्शन या उजाड बेटावर अमेरिकी सैन्याने याच रीतीने ताजी भाजी पिकविली. आपल्या देशात तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिंपाँग येथे जेम्स शोल्टो डग्लस यांनी 1946–47 च्या सुमारास प्रयोग करून यंत्रांवाचून चालणारी स्वस्त पद्धत बसविली. खडी, वाळू, विटांचे तुकडे यांनी भरलेल्या पन्हळीत कोरडे खत हाताने पसरावयाचे आणि वरून पाणी द्यावयाचे, अशी ती ‘बंगाल पद्धत’ होती. पुढे हवाई विद्यापीठातील क्रॅट्की यांनी पंप व वीज यांवाचून, पाण्याची पातळी जसजशी खाली जाईल तसतशी मुळांना हवा मिळत जाईल, अशी आणखी सोपी रीत दाखविली. जलगर्भ कुंडी ही या साऱ्यांची धाकटी बहीण आहे.

थळला तिचे काम काय?

मग ज्याच्याजवळ जमीन आहे त्यास तिचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जमिनीत नसून विहिरीत आहे. आपल्या किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन हजार मिलीमीटरांच्या घरात पाऊस पडतो. तरीही फाल्गुन संपता संपता विहिरी खाली जातात, आणि समुद्रालगतच्या कित्येक विहिरींचे पाणी मचूळ होते. याचे कारण शास्त्रात चांगले ठाऊक आहे. किनाऱ्याच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन या डच अभियंत्याने आणि पुढे 1901 साली हर्झबर्ग या जर्मन गृहस्थाने दाखविलेला हिशेब असा की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 फूट असेल तर खाली सुमारे 40 फूट गोडे पाणी असते. म्हणजे उपशामुळे वरची पातळी 1 फूट उतरली आणि तशीच राहिली, तर खालून खारे पाणी कालांतराने 40 फूट वर येऊ शकते. प्रत्यक्ष जमिनीत खडक व वाळू यांच्या थरांमुळे हे प्रमाण कमीअधिक होते; परंतु रीत हीच. पंप आल्यापासून रहाटाच्या काळापेक्षा उपसा कितीतरी वाढला आहे, आणि सुटीच्या दिवसांत राहावयास येणाऱ्यांच्या बंगल्यांच्या बागाही त्याच पाण्यावर उभ्या आहेत. अशा स्थितीत चैत्र-वैशाखात वाचलेली प्रत्येक घागर ही केवळ श्रमाची बचत नव्हे. ती विहिरीच्या गोडीचे रक्षण आहे.

ही बचत किती होते याविषयी मात्र खोट्या आशा धरू नयेत. झाड पानांवाटे जे पाणी हवेत सोडते ते कोणत्याही कुंडीने वाचत नाही. वाचते ते दोन वाटांचे: वरून घातलेले जे पाणी मातीतून खाली वाहून जाते ते, आणि ओल्या पृष्ठभागावरून जे उन्हाने उडते त्यातील काही भाग. साध्या कुंडीस उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घालावे लागते व त्यातील पुष्कळसे जमिनीवर सांडते. जलगर्भ कुंडीस तीन-चार दिवसांनी एकदा भरले की पुरते. घरातील ज्या बायाबापड्यांच्या डोक्यावर हे पाणी येते, त्यांना या फरकाची किंमत कोणी सांगावयास नको.

तेव्हा आमच्या मते या कुंडीची कामे तीन. पहिले, उन्हाळ्यात घरापुरती मिरची, टोमॅटो, वांगी, पालेभाजी, पुदिना, तुळस. दुसरे, रोपवाटिका, कारण रोपाला एकसारखी ओल लागते, आणि एक दिवस पाणी चुकले तर महिन्याची मेहनत जाते. तिसरे, ज्यांचे घर खाजणाच्या कडेला आहे आणि अंगणातील माती खारी आहे, त्यांना उसनी गोडी माती भरून चार झाडे लावण्याची सोय. याच्या पलीकडे तिला ओढू नये. पांढऱ्या कांद्यास 2022 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते अलिबाग तालुक्याच्या मातीमुळे. त्याची कुंडीत लागवड करणे म्हणजे त्याचे नावच पुसून टाकणे होय. भात, वाल, नारळ, सुपारी यांचा तर प्रश्नच नाही. अननस, कोरफड यांसारख्या, मध्यंतरी माती कोरडी होणे मानवणाऱ्या झाडांसही ही कुंडी सोसत नाही.

मीठ कोठे जाते?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या कुंडीविषयी जे सांगितले जाते त्यात एक गोष्ट बहुधा गाळलेली असते, आणि आपल्या किनाऱ्यावर तीच सर्वांत महत्त्वाची आहे. झाड पाणी पिते, परंतु त्यात विरघळलेले मीठ बहुतांशी मागे ठेवते. आपण एक साधा हिशेब करू. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे 1 ग्रॅम क्षार आहेत असे धरा; जिभेला असे पाणी जेमतेम मचूळ लागते. टोमॅटोचे भरलेले झाड उन्हाळ्यात दिवसाला सरासरी दीड लिटर पाणी पिते असे धरल्यास 90 दिवसांत ते 135 लिटर पिईल. म्हणजे एका हंगामात त्या एका कुंडीत 135 ग्रॅम क्षार येऊन पडले. थोडे झाडात गेले असे मानले तरी ओंजळभर मीठ त्या टोपलीभर मातीत राहणारच.

साध्या कुंडीत वरून घातलेले पाणी खाली वाहून जाताना काही मीठ घेऊन जाते. जलगर्भ कुंडीत पाणी खालून वर चढते, आणि वर पोचल्यावर उडून जाते. मीठ मात्र माथ्यावर राहते. दीड-दोन महिन्यांत मातीवर आणि खोडाभोवती पांढरी पापडी दिसू लागते. पाणी वाया जाऊ न देणे हाच या कुंडीचा गुण आहे, आणि मीठ बाहेर जाऊ न देणे हा त्याच गुणाचा दुसरा चेहरा आहे.

पिकांची सोसण्याची शक्ती वेगवेगळी असते. मातीतील क्षार मोजण्याचे माप म्हणजे तिच्या अर्काची विद्युत्‌वाहकता. ती डेसीसीमेन प्रति मीटर या एककात सांगतात. घेवड्याचे उत्पन्न 1 च्या पुढे घटू लागते, कांद्याचे 1.2 च्या पुढे, मिरचीचे 1.5 च्या पुढे, पालकाचे 2 च्या पुढे आणि टोमॅटोचे 2.5 च्या पुढे. वर सांगितलेल्या पाण्याची वाहकता सुमारे 1.5 भरते. शेतात दिलेल्या पाण्यापैकी 15 ते 20 टक्के पाणी मुळांखाली निघून जात असेल तर मातीची वाहकता पाण्याच्या साधारण दीडपटीवर, म्हणजे सव्वादोनाच्या आसपास, थांबते. त्यात टोमॅटो तरेल, मिरची कुरकुरेल. परंतु जेथून काहीच निघून जात नाही त्या कुंडीत ती थांबतच नाही. आठवड्यागणिक चढत जाते.

खारेपाटाचा धडा

हे वर्णन वाचून आपल्या जुन्या शेतकऱ्यास काही ओळखीचे वाटल्याशिवाय राहणार नाही. खारेपाटातील जमीन याहून वेगळी ती काय? खाली खारे पाणी. पाऊस सरला की ते मातीतून हळूहळू वर चढते, ऊन त्याला उडविते, आणि फाल्गुनात खाचरे पांढरी दिसू लागतात. आषाढात मुसळधार पाऊस तेच मीठ विरघळवून खाली व बाहेर नेतो, आणि जमीन भाताजोगी होते. म्हणूनच खारीतील शेतकरी रोपे गोड्या जमिनीत तयार करतो, खाचरातील मीठ धुऊन निघेपर्यंत लावणीची घाई करीत नाही, बांधाच्या उघाडीतून खारट पाणी ओहोटीला बाहेर सोडतो, आणि भरतीचे पाणी आत येऊ देत नाही. 1948 च्या मुंबई खारजमीन कायद्याने या बांधांची व्यवस्था सरकारने अंगावर घेण्यास आरंभ केला. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत टिकणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. परंतु मीठ वर कसे चढते आणि खाली कसे जाते, याचे मूळ ज्ञान शेतकऱ्याचेच आहे, आणि ते शेकडो वर्षांचे आहे.

जलगर्भ कुंडी म्हणजे दोन फुटांचा खारेपाट होय. ही एक गोष्ट पटली की तिच्या व्यवस्थेचे सर्व नियम आपोआप सुचतात.

पहिला नियम उघाडीचा. सांडभोकाखेरीज कुंडीच्या अगदी तळाशी बुचाचे एक भोक असलेच पाहिजे. तयार मिळणाऱ्या कित्येक कुंड्यांस ते नसते. अशी कुंडी आपल्याकडे घेऊ नये.

दुसरा नियम धुण्याचा. मृग लागताच तळाचे बूच काढून टाकावे आणि आश्विनापर्यंत ते घालूच नये. एक चौरस फूट तोंडाच्या कुंडीवर दोन हजार मिलीमीटर पाऊस म्हणजे सुमारे 185 लिटर पाणी पडते. वर्षाचे मीठ धुऊन काढण्यास ते पुरेसे आहे, आणि त्याला पैसा पडत नाही. पावसाळ्यात या कुंडीला साठ्याची गरजही नसते; तेव्हा ती साधी कुंडी म्हणूनच वापरावी.

तिसरा नियम आच्छादनाचा. मातीच्या माथ्यावर पेंढा किंवा झावळीचे तुकडे तीन बोटे जाड पसरावे. उन्हाने पाणी उडणे कमी झाले की मीठ वर चढणेही कमी होते. एवढे करूनही पापडी धरलीच, तर वरची बोटभर माती खरवडून टाकावी व तेथे नवी माती आणि कुजलेले खत घालावे. उन्हाळ्यात घागरी ओतून धुण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आहे.

चौथा नियम वळवाचा. वैशाखात वळवाची हलकी सर आली की माथ्यावरचे मीठ विरघळून नेमके मुळांच्या थरात उतरते, आणि पाऊस पडूनही झाड माना टाकते. ज्यास कारण माहीत नाही तो रोग समजून औषध फवारतो. अशा वेळी एकतर कुंडी झाकावी, नाहीतर सर पडताच तळाचे बूच काढून वरून आणखी दोन-तीन घागरी गोडे पाणी ओतावे. अर्धवट धुणे हे न धुण्याहून वाईट.

पाचवा नियम गोड्या पाण्याचा, आणि तो सर्वांत मोलाचा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. आपल्यासमोर समुद्रात उभ्या असलेल्या खांदेरीवर पाण्याची टाकी आहेत ती याच शहाणपणाची साक्ष देतात. घराच्या पाखाखाली 1000 लिटरची एक झाकलेली टाकी भाद्रपदात भरून ठेवली, तर दिवसाला दीड लिटर पिणाऱ्या 8 कुंड्यांस ते पाणी 83 दिवस पुरते. म्हणजे फाल्गुन, चैत्र व वैशाख बहुतेक निघतात. टाकीत उजेड शिरू देऊ नये, म्हणजे शेवाळ धरत नाही. ज्यांना एवढी टाकी परवडत नाही त्यांनी निम्मे पावसाचे व निम्मे विहिरीचे पाणी घालावे. मिठाचा भार तेवढ्याने अर्ध्यावर येतो.

माती आणि खत

वरच्या मजल्यात खाचराची चिकण माती भरू नये. ती घट्ट बसून मुळे गुदमरतात. वाडीतील हलकी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा असे तीन सारखे भाग घ्यावे. ते घट्ट वाटल्यास मूठभर भाताचा तूस मिसळावा. काथ्याचा भुसा ओल चांगली वर ओढतो, परंतु सोडणे पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजविलेली असतात, आणि मीठ त्यात मुरलेले असते. म्हणून भुसा वापरण्यापूर्वी गोड्या पाण्यात तीन वेळा भिजवून पिळून काढावा. हे काम पावसाळ्यात पागोळीखाली फुकट होते. मातीचा थर एक फुटाहून अधिक उंच करू नये, कारण त्याच्या वर पाणी पुरेसे चढत नाही.

खताविषयी एकच सूत्र ध्यानात ठेवावे: सेंद्रिय ते मातीत, विरघळणारे ते पाण्यात. शेणाची रबडी, पेंडीचे पाणी किंवा जीवामृत खालच्या साठ्यात घातल्यास तेथे हवेअभावी सडण सुरू होते व मुळे काळी पडतात. तीच वस्तू वर मातीत घातली तर उपकारक होते. युरियाचेही तसेच. थळच्या कारखान्यातून निघणारा युरिया शेतात उत्तम काम देतो, कारण मातीतील जिवाणू त्याचे रूपांतर करून तो झाडास घेण्याजोगा करतात. कुंडीच्या पोटातील पाण्यात ते काम नीट होत नाही. साठ्यात घालावयाचे तर 19:19:19 सारखे पूर्ण विरघळणारे खत लिटरमागे 1 ग्रॅम, रोपे लहान असता अर्धा ग्रॅम, याहून अधिक नको. आणि तेही एका भरणीआड, कारण खत हेही शेवटी मीठच आहे. या खतात चुना नसतो. टोमॅटोची फळे बुडाशी काळी पडू लागली तर कॅल्शियम नायट्रेट निराळ्या भरणीस द्यावे. दोन्ही दाट स्वरूपात एकत्र केल्यास ती गोठून साका धरतात व दोन्ही फुकट जातात.

आणखी दोन सावधगिरी. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो: 20 अंशांस लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, तर 30 अंशांस साडेसातच. म्हणून कुंडीच्या अंगाला चुन्याचा पांढरा हात द्यावा व दुपारी तिच्या बुडावर सावली राहील असे करावे. दुसरी गोष्ट डासांची. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडू लागतो, आणि त्याला अशीच झाकलेली, स्थिर, गोडी जागा आवडते. भरण्याच्या नळीस व सांडभोकास बारीक जाळी बांधल्याशिवाय ही कुंडी घरात आणू नये. मिरचीची दोन झाडे वाचविताना घरात तापाचे अंथरूण पडले तर तो व्यवहार कोणत्याही हिशेबाने नुकसानीचा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, हे सारे बायकापोरांच्या हौशीचे काम आहे, शेतकऱ्यांच्या मासिकाने त्यात पाने का खर्चावी? यास आमचे उत्तर असे. घराची भाजी हा प्रपंचाचा खर्च आहे. तो वाचला तर उत्पन्न वाढल्यासारखेच आहे. शिवाय मार्च 2020 मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून आपल्या तालुक्यात बागा करू इच्छिणाऱ्यांची ये-जा वाढली आहे. त्यांना चांगली रोपे लागतात. ती बाहेरून का यावी? ज्याच्या हाती रोपांची विद्या आहे त्यास चार पैसे मिळतील, आणि जमीन विकण्याच्या मोहास तेवढाच आळा बसेल.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. तयार कुंड्या महाग असतात. त्या घेऊन केलेली भाजी बाजारभावाहून महाग पडते हे खरे. परंतु ही कुंडी विकत घ्यावयाची वस्तूच नव्हे. खाण्याचे तेल किंवा लोणचे ज्यात आले असे जुने पिंप, एक जाळीदार टोपली, हातभर नळी आणि जुन्या धोतराची वात एवढ्यात ती तयार होते. मात्र ज्यात रसायने किंवा कीटकनाशके आली होती ते पिंप, कितीही धुतले तरी, वापरू नये.

नम्र सूचना

मतांनी मते खोडण्यापेक्षा प्रयोगाने ती पारखावी, हे बरे. आपल्या संघाने येत्या माघापासून ज्येष्ठापर्यंत थळ येथील एखाद्या सभासदाच्या अंगणात एक साधा प्रयोग घ्यावा, अशी आमची सूचना आहे. मिरचीच्या एकाच जातीची एकाच वयाची 24 रोपे घ्यावी. त्यांतील 6 साध्या कुंडीत, 6 जलगर्भ कुंडीत विहिरीच्या पाण्यावर, 6 तशाच कुंडीत पावसाच्या साठविलेल्या पाण्यावर, आणि 6 तशाच कुंडीत निम्म्या-निम्म्या पाण्यावर वाढवावी. प्रत्येक ओळीस घातलेले पाणी मापाने मोजून वहीत रोज टिपावे. तोडलेल्या मिरचीचे वजन लिहावे. प्रयोगाच्या आरंभी व शेवटी विहिरीच्या पाण्याची आणि कुंडीतील मातीची शासकीय प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. कोकण कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांचा सल्ला आधी घेतला तर उत्तमच. वही जशीच्या तशी या मासिकात छापावी. फळ चांगले येवो वा वाईट.

विहिरीच्या पाण्याची तपासणी मात्र प्रयोगाची वाट न पाहता प्रत्येकाने करून घ्यावी. एकदा कार्तिकात आणि एकदा वैशाखात. कुंडी लावावयाची असो वा नसो, आपल्या वाडीखाली समुद्र किती आत आला आहे हे त्या दोन आकड्यांवरून कळेल. ते ज्यास ठाऊक आहे तोच पुढील वर्षी पंप किती वेळ चालवावा हे शहाणपणाने ठरवू शकेल.